आजोबांची चाळ सापडत नाहीये? नाव सोडा, नंबर धरा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही बडोद्याच्या. पणजोबा 1930 च्या पुढेमागे गिरगावात राहायचे, आजीचा जन्म तिथलाच. हातात 1937 सालचं एक पाकीट आहे, त्यावर पत्ता 'लक्ष्मी बिल्डिंग, खोली नं. 17, दुसरा माळा, बॅक रोड, मुंबई नं.' आणि पुढचा आकडा पुसट, 2 की 4 कळत नाही. गूगलवर बॅक रोड मिळत नाही, लक्ष्मी बिल्डिंगा मात्र ढिगाने मिळतात. दोनदा येऊन गिरगाव पालथं घातलंत आणि टॉवर बघून परत गेलात. तर घर नेमकं कुठल्या जागेवर होतं ते शोधायचं कसं.

मी फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात 31 वर्षं सर्चचं काम केलं. सर्च म्हणजे कोणी मिळकत विकत घेणार असेल तर तिचे मागचे तीस-चाळीस वर्षांचे, कधी शंभर वर्षांचे व्यवहार रजिस्ट्रेशनच्या पुस्तकांतून हाताने काढायचे. धूळ, वाळवी आणि चहा. रिटायर झाल्यावर ओळखीपाळखीचे लोक 'आमच्या आजोबांचं घर शोधून द्या' म्हणून यायला लागले, मग त्याचाच नाद लागला.

पहिली गोष्ट रस्ता. बॅक रोड म्हणजे गिरगाव बॅक रोड, आजचा विठ्ठलभाई पटेल रोड, सगळे व्ही.पी. रोड म्हणतात. विठ्ठलभाई 1933 साली गेले, त्यांचं नाव रस्त्याला लागलं, पण पाकिटांवर आणि लोकांच्या तोंडी जुनं नाव पुढे कितीतरी वर्षं चालूच होतं, त्यामुळे 1937 च्या पाकिटावर बॅक रोड असण्यात नवल काही नाही. आणि इथे एक खड्डा आहे ज्यात सगळे पडतात. सँडहर्स्ट रोडला सरदार वल्लभभाई पटेलांचं नाव दिलंय, तो झाला एस.व्ही.पी. रोड. म्हणजे दोन सख्खे भाऊ, दोन रस्ते आणि दोन्ही गिरगावातच. टॅक्सीवाल्याला व्ही.पी. सांगा, तो एस.व्ही.पी.ला सोडतो, तुम्ही दोनदा येऊन नेमक्या कुठे फिरलात ते म्हणूनच मला जरा विचारायचंय.

बाकीच्यांसाठी पण सांगतो. कागदावर लॅमिंग्टन रोड असेल तर तो डॉ. भडकमकर मार्ग, डिलाईल रोड म्हणजे ना. म. जोशी मार्ग, आर्थर रोड म्हणजे साने गुरुजी मार्ग, प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे शामळदास गांधी मार्ग, गिरगाव रोड म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मार्ग. शेपर्ड नावाच्या साहेबाने 1917 साली मुंबईतल्या जागांच्या आणि रस्त्यांच्या नावांवर एक पुस्तक केलंय, ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं, त्याने सांगितलेल्या व्युत्पत्त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका पण त्या काळी कुठल्या गल्लीला काय म्हणायचे ते बघायला बरंय.

आता खरा मुद्दा. बिल्डिंगचं नाव, रस्त्याचं नाव आणि घराचा पालिकेचा नंबर, हे तिन्ही बदलतात. मालक बदलला की 'लक्ष्मी'चं 'कृष्ण भुवन' होतं, रस्ता पुढाऱ्याच्या नावावर जातो, आणि घर नंबर पालिकेने मधूनमधून नव्याने घातलेले आहेत. न बदलणारी, म्हणजे बदलली तरी मागचा धागा ठेवणारी गोष्ट एकच, जमिनीचा सर्व्हे नंबर. मुंबई शहरात त्याला सी.एस. नंबर म्हणतात, कॅडस्ट्रल सर्व्हे, आणि उपनगरात सी.टी.एस. सी.एस. नंबर एकटा काही कामाचा नाही, त्याच्या पुढे डिव्हिजन लागतं, गिरगाव डिव्हिजन, भुलेश्वर डिव्हिजन, माझगाव, परळ-शिवडी असं. एकच नंबर दोन डिव्हिजनमध्ये असतो आणि लोक दुसऱ्याच्याच मिळकतीचे कागद काढून घरी घेऊन जातात.

या सी.एस.च्याही आधीचा एक सर्व्हे आहे, लॉटन नावाच्या अधिकाऱ्याने 1865 ते 1872 मध्ये केलेला. जुन्या खरेदीखतात शेवटी मिळकतीचं वर्णन असतं ना, त्यात हे सगळे नंबर एकाखाली एक येतात, कलेक्टरचा जुना नंबर, कलेक्टरचा नवा नंबर, लॉटन सर्व्हे नंबर, कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर, आणि मग पालिकेचा वॉर्ड नंबर आणि स्ट्रीट नंबर. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते मंत्र म्हटल्यासारखं वाटतं. पण तीच तर तुमची शिडी आहे, आजच्या टॉवरच्या सी.एस. नंबरपासून पायरी पायरीने 1870 पर्यंत खाली उतरता येतं. फक्त तसं एक खत हाताला लागायला पाहिजे.

आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते कारण मुंबईतले आपले पूर्वज मालक नव्हतेच, भाडेकरू होते. महिन्याच्या भाड्याची खोली, तिचा करार रजिस्टर होत नाही, तेव्हा तुमच्या पणजोबांचं नाव घेऊन तुम्ही रजिस्ट्रेशन ऑफिसात जन्मभर बसलात तरी काही मिळणार नाही. मी लोकांना हेच सांगतो की शोध दोन वेगवेगळे करा, घराचा शोध मालकाच्या नावाने आणि माणसाचा शोध शाळा, स्मशान आणि मंडळ यांच्यातून, आणि मग दोन्ही एका जागी भेटतात का बघा. एकाच कागदात दोन्ही मिळेल ही आशा सोडा.

मालक कसा शोधायचा? घरात भाडेपावती असेल तर सोन्याहून पिवळं. मोठ्या चाळींचे मालक बरेचदा भाटिया, गुजराती नाहीतर पारशी असायचे, भाडं गोळा करायला मेहताजी यायचा, पावतीवर मालकाचं किंवा ट्रस्टचं नाव छापलेलं असतं आणि कधीकधी स्ट्रीट नंबरही. पावती नसेल तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातलं असेसमेंट, म्हणजे मालमत्ता कराचं खातं. गिरगाव डी वॉर्डात, भुलेश्वर-काळबादेवी सी वॉर्डात. तिथले जुने रजिस्टर दाखवतील की नाही हे समोर बसलेल्या माणसावर आहे, शनिवार-रविवारला जोडून जाऊ नका, आणि 'वंशावळ करतोय' असं न सांगता 'जुना घर नंबर आणि आताचा सी.एस. नंबर जुळवायचाय' असं सांगा, त्यांना ते लगेच समजतं.

सी.एस. नंबर मिळाला की मुंबई शहराच्या भूमापन ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढायचं. इथे आणखी एक गोम आहे जी गिरगावात हमखास भेटते. कार्डावर 'टेन्युअर' म्हणून रकाना असतो, त्यात पेन्शन अँड टॅक्स, क्विट अँड ग्राउंड रेंट, फोरास, टोका असली नावं दिसतील, आणि कधीकधी फाजिंदारी. फाजिंदारी असेल तर जमिनीचा धनी वेगळा आणि वरच्या चाळीचा मालक वेगळा. गिरगाव म्हणजे मुळात वाड्या, नारळाच्या, फणसाच्या, केळीच्या, म्हणून फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावं. वाडीच्या धन्याने जमीन भुईभाड्याने दिली आणि त्यावर दुसऱ्याने चाळ बांधली. कार्डावर एखादं पोर्तुगीज वळणाचं किंवा पाठारे प्रभूंचं नाव बघून 'छे, आमचा मालक तर भाटिया होता' म्हणून कार्ड फेकून देऊ नका, दोघंही खरे असतील.

मग मालकाच्या नावाने आणि मिळकतीच्या नंबराने रजिस्ट्रेशन ऑफिसातले इंडेक्स, म्हणजे नोंदलेल्या खतांच्या सूच्या, बघायचे. इंडेक्स वन माणसांच्या नावाने असतो, इंडेक्स टू मिळकतीने. अलीकडचं सरकारी साइटवर फुकट बघता येतं, जुनं सगळं हाताने. आमच्या सर्च रिपोर्टात सालवार नोंद असायची, 1941 काही नाही, 1942 काही नाही, 1943 पानं फाटलेली, 1944 काही नाही. त्या फाटलेल्या पानात काय होतं हा विचार करून मी सुरुवातीला रात्र रात्र जागलोय, नंतर सवय झाली.

एक उदाहरण देतो म्हणजे खतात काय बघायचं ते कळेल. माणसांची नावं आणि जागा थोडी झाकून सांगतो. नागपूरचे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे फक्त आत्याची आठवण होती, 'आमच्या मागे विहीर होती आणि विहिरीपलीकडे छापखाना, रात्री मशीनचा आवाज यायचा'. चाळीच्या नावावर घरातच दोन मतं. मला त्या पट्ट्यातलं 1912 चं एक खरेदीखत मिळालं, जाड कागद, इंग्रजी मजकूर, शेवटी मालकाची गुजरातीत सही आणि साक्षीदाराची मोडीत. त्यात चतु:सीमा लिहिलेल्या होत्या, पूर्वेस अमक्याची मिळकत, दक्षिणेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस जाण्यायेण्याची सामायिक गल्ली, आणि उत्तरेस 'विहीर व तिच्या पलीकडे प्रिंटिंग प्रेसची इमारत'. विहिरीत अर्धा हिस्सा या मिळकतीचा, अर्धा शेजारच्याचा. दोर्‍या ओढायला किती जागा सोडायची तेसुद्धा लिहिलंय. मी ते वाचून दाखवलं तेव्हा आत्या, वय वर्षं 88, फोनवर नुसती हं हं करत होती आणि मग म्हणाली, 'आमची बाजू पायरीची, त्यांची बाजू रहाटाची.' संपलं, जागा ठरली. आज तिथे सोसायटीचं पार्किंग आहे आणि विहीर म्हणाल तर वर स्लॅब टाकून पंप बसवलेला आहे. मुंबईतल्या कितीतरी विहिरी 1911 च्या मलेरियाच्या अहवालानंतर बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या, पण कागदात त्या जिवंत असतात, म्हणून घरच्या म्हाताऱ्या माणसांना बिल्डिंगचं नाव विचारत बसण्यापेक्षा हे विचारा, मागच्या गॅलरीतून काय दिसायचं, पाणी कुठून भरायचे, कुठल्या मशिनीचा, देवळाच्या घंटेचा, ट्रामचा आवाज यायचा. नाव माणूस विसरतो, आवाज विसरत नाही.

(मी स्वतः माझ्याच खापरपणजोबांच्या बाबतीत तीन महिने फुकट घालवलेत. एकाच शेठच्या एकाच नावाच्या दोन चाळी होत्या, एक लालबागला आणि एक चिंचपोकळीला, मी चुकीच्या चाळीचे सगळे मालक 1890 पर्यंत काढले, बायको अजून हसते.)

आता माणसाचा शोध. आजीचा जन्म तिथला असेल तर पालिकेच्या जन्म नोंदवहीचा उतारा मागा, त्यात पत्ता असतो आणि तो कुटुंबाने नाही तर पालिकेच्या माणसाने पालिकेच्या पद्धतीने लिहिलेला असतो, हे फार महत्त्वाचं. नावाशिवाय नुसतं 'मुलगी' म्हणून नोंद असायची शक्यता धरून चाला, बापाच्या नावाने शोधा. कोणी त्या घरात वारलं असेल तर मृत्यूची नोंद, आणि गिरगावकरांची चंदनवाडी. शाळेचा दाखला घरात असेल तर त्यावरचा जनरल रजिस्टर नंबर घेऊन शाळेत जा, गिरगावातल्या शाळा शंभर-सव्वाशे वर्षांच्या आहेत आणि जी.आर. बुकं जपून ठेवतात, हेडबाईंना नीट विनंती केली की बघू देतात. नाशिक-त्र्यंबकला घरातलं कोणी श्राद्धाला किंवा यात्रेला गेलं असेल तर तिथल्या उपाध्यांच्या चोपड्यांत 'मूळ गाव अमुक, हल्ली वस्ती मुंबई' अशी नोंद सापडते, खोली नंबर नाही मिळणार पण सालं पक्की होतात.

माझा स्वतःचा लाडका कागद म्हणजे गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून गणपती आहे, आणि गिरगाव-लालबागच्या बऱ्याच मंडळांनी रौप्य, सुवर्ण, अमृत महोत्सवाला स्मरणिका काढल्यात. त्यात जुने कार्यकर्ते खोली नंबरासकट, ग्रुप फोटो, आणि मागे जाहिराती, अमुक चाळीखालचं वाण्याचं दुकान, तमुक खानावळ, शिवणयंत्र दुरुस्ती, प्रत्येकाचा पत्ता. मी एक हरवलेली चाळ निव्वळ एका इस्त्रीवाल्याच्या जाहिरातीवरून शोधलीय, 'लक्ष्मी बिल्डिंगच्या जिन्याखाली' असंच लिहिलं होतं त्यात पत्ता म्हणून. ती तुमची नव्हे, आधीच सांगतो.

आणि पणजोबांचं मालकाशी भांडण झालं असेल तर तुमचं नशीब उघडलं म्हणायचं. धोबी तलावचं लघुवाद न्यायालय, स्मॉल कॉज. भाडं थकलं, पोटभाडेकरू ठेवला, गॅलरीत मोरी बांधली, अशा कशावरूनही दावे व्हायचे. कोर्टातले जुने कागद नष्ट केलेले असू शकतात पण घरच्या ट्रंकेत समन्स नाहीतर निकालाची नक्कल निघते, आणि त्यात मिळकतीचं वर्णन हमखास असतं.

गिरणगावातल्या लोकांसाठी वेगळं. तिथे पुष्कळ वेळा कुटुंब नव्हतंच, कोकण नाहीतर घाटावरून आलेली पुरुष माणसं, गावकीची एक खोली, भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, पाळीपाळीने झोपायचं. अशा खोलीची पावती एकाच्याच नावावर असते आणि तो तुमचा आजोबा नसतो. तिथे गावमंडळाची वही शोधा, वर्गणी कोणी किती दिली ती, आणि ती वही मुंबईत नसली तर गावी देवळाच्या पेटीत असते. बी.डी.डी. (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचं सोपं आहे, सरकारी मिळकत, मुळात 207 चाळी, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी, चाळ नंबर आणि खोली नंबर हाच पत्ता. बी.आय.टी. (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळींचंही तेच, बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळ नंबर 1 मध्ये 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत राहिले हे आज आपण इतकं नेमकं सांगू शकतो ते त्या नंबरांमुळेच.

तुमचा काळ 1930 चा म्हणून तुम्हाला लागू नाही, पण ज्यांचे पूर्वज 1900 च्या आधी मुंबईत होते त्यांनी आधी एक खात्री करावी की ती गल्ली तरी शिल्लक आहे का. 1896 ला मांडवीत प्लेग आला, त्यातून 1898 ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे सरळ रुंद रस्ते काढले. ज्यांचं घर होतं तिथे आज रस्त्याचा दुभाजक आहे. अशा वेळी लॉटनचा नकाशा आणि आजचा नकाशा एकावर एक ठेवायचा, आणि भूसंपादनाचे कागद शोधायला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख खातं आहे तिथे बसायचं. मांडवी-मशीद बंदरच्या बाजूचं घर असेल आणि 1944 नंतर पत्रं एकदम बंद झाली असतील तर 14 एप्रिल 1944 चा गोदीतला स्फोट लक्षात ठेवा.

तुमच्या टॉवरकडे परत येतो. जुनी चाळ 1940 च्या आधीची म्हणजे ती उपकरप्राप्त इमारत असणार, म्हणजे दुरुस्तीसाठी जादा कर, उपकर, भरणारी, 1969 चा इमारत दुरुस्तीचा कायदा आला तेव्हा शहरात अशा 19,642 होत्या. पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूची यादी होते, खोली नंबर, क्षेत्रफळ, पावती कोणाच्या नावावर, आणि ती म्हाडाकडून तपासून घेतात. तुमचे पणजोबा त्यात नसतील, पण 17 नंबरात त्यांच्यानंतर कोण आलं ते मिळेल, आणि ते कुटुंब आज त्याच टॉवरच्या कुठल्यातरी मजल्यावर असेल. त्यांना जाऊन भेटा, पण आधीच सांगा की आम्हाला हक्क-बिक्क काही नकोय, नाहीतर जुनी खोली म्हटलं की लोक दार लावून घेतात, आणि त्यांचं चुकत पण नाही. मेट्रो तीनच्या स्टेशनांसाठी गिरगाव-काळबादेवीत ज्या इमारती गेल्या त्यांच्याही याद्या अशाच झालेल्या आहेत, तुमची त्यातली निघाली तर काम उलट सोपं होईल.

आता लगेच काय करायचं. बॅक रोड सी.पी. टँकपासून गिरगावात येतो, लांब आहे, आणि मला त्या अंगाला लक्ष्मी बिल्डिंग नावाच्या निदान दोन जागा जुन्या कागदांत भेटल्यात, एक भुलेश्वर डिव्हिजनच्या बाजूला आणि दुसरी गिरगावात. तुमचा तो पुसट आकडा म्हणूनच महत्त्वाचा आहे. मुंबई 4 म्हणजे गिरगाव, तोच पुढे 1972 ला पिन आला तेव्हा 400004 झाला, आणि मुंबई 2 म्हणजे काळबादेवी-भुलेश्वर. तुम्ही पाकिटाच्या पुढच्या बाजूचा फोटो टाकलाय, तिकिटावरचा शिक्का बडोद्याचा आहे, तो पाठवलेल्या ठिकाणचा. त्या काळी पत्र पोचलं की ज्या पोस्टातून वाटप व्हायचं ते मागच्या बाजूला आपला शिक्का मारायचं. पाकीट उलटं करा, उजेडात तिरकं धरा, आणि मागचा फोटो टाका. गिरगाव दिसतंय की काळबादेवी तेवढं वाचता आलं तरी पुरे, पुढचं वॉर्ड ऑफिस कुठलं ते मी सांगतो.